घरच्या कॉम्प्युटरला एक्सप्लोररशिवाय दुसरा फाइल मॅनेजर लागतो का? माझं मत : लागतो, आणि तो डबल कमांडर

साखर पेठ (धागा सुरू करणारा)

विंडोजसोबत फाइल एक्सप्लोरर हा फाइल मॅनेजर (फाइली बघायचं, कॉपी करायचं, हलवायचं साधन) फुकट येतो, घरी तेवढा बास झाला, असं आपल्या सोलापूरकरांत बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. का पटत नाही ते नीट मांडतो, विरोधी मत असेल तर तेही नीट मांडा.

घरच्या कॉम्प्युटरवर काय काय साठतं ते आधी आठवा. मोबाईलमधून उतरवलेले फोटो, गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांचे व्हिडिओ, सातबारा, आधारचं स्कॅन, मुलांचे प्रोजेक्ट. आपल्याकडे त्यात घरच्या धंद्याचीही भर असते. गणवेशाच्या ऑर्डरी, मापांचे तक्ते, टॉवेलच्या डिझाइनच्या बीएमपी फाइली, जीएसटीची बिलं. हे सगळं सांभाळायला घरात आयटीवाला नसतो. जो कॉम्प्युटरवर बसला तोच सांभाळणारा.

आता एक्सप्लोररची एक रीत बघा. फोल्डर माऊसने ओढून दुसऱ्या फोल्डरवर सोडला आणि दोन्ही एकाच ड्राईव्हवर असले, तर तो तिथून हलतो. तोच फोल्डर ओढून पेन ड्राईव्हवर सोडला, तर त्याची कॉपी होते. हाताची हालचाल तीच, परिणाम मात्र वेगळा. ज्याला हे माहीत नाही तो एक दिवस 'फोटो उडाले' म्हणून घाबरतो. फोटो बहुतेक वेळा उडालेले नसतात, हात सुटला त्या शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन बसलेले असतात.

दोन पॅनलच्या फाइल मॅनेजरमध्ये हा गोंधळ मुळातच कमी होतो. डावीकडे कुठून, उजवीकडे कुठे, दोन्ही एकाच वेळी समोर. एफ५ म्हणजे कॉपी, एफ६ म्हणजे हलवणं, आणि करण्याआधी 'अमुक ठिकाणी करू का' असा पूर्ण पत्ता दाखवून विचारतो. ही रचना नवी नाही. १९८६ च्या नॉर्टन कमांडरपासून ती चालत आली आहे. डॉसच्या काळात ज्यांनी कॉम्प्युटर क्लास केला त्यांना तो निळा पडदा आठवत असेल. इतकी वर्षं ती टिकली, कारण फाइलींचं काम मुळात 'इथून तिथे' असंच असतं.

या घराण्यातला टोटल कमांडर प्रसिद्ध आहे, पण तो शेअरवेअर आहे. वापरून बघायला मोकळा, पुढे लायसन्स घ्यायचं. फुकटात डबल कमांडर, फ्रीकमांडर, चार खिडक्यांचा क्यू-डिर, एक्सप्लोरर प्लस प्लस आणि विंडोज ११ सारखा दिसणारा 'फाइल्स' नावाचा (त्यांच्या साइटवरून फुकट, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतला तर पैसे) एवढे मला घरासाठी विचार करण्याजोगे वाटतात.

त्यात डबल कमांडर का? तो मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, जीपीएल नावाच्या परवान्याखाली. आजचे करणारे उद्या थांबले तरी दुसरं कोणी पुढे नेऊ शकतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घराघरांतल्या जुन्या मशीनवर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) वगैरेच्या अटींमुळे विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, म्हणून लोक लिनक्स मिंट या विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टिमकडे वळत आहेत. डबल कमांडर विंडोजवर आणि लिनक्सवर तसाच्या तसा चालतो, बटणंही तीच. खालची सिस्टिम बदलली तरी घरच्यांच्या हाताची सवय बदलत नाही.

जुळे सोलापूर

साखर पेठ, मुद्दा नीट मांडलात, पण मी पूर्ण विरोधात आहे.

ओढताना होणाऱ्या चुकीवर एक्सप्लोररमध्येच दोन उपाय आहेत. माऊसचं उजवं बटण दाबून ओढा. सोडल्यावर 'इथे कॉपी करायचं की हलवायचं' असं तो विचारतो. आणि चुकलंच, तर कंट्रोल झेड दाबा, हललेला फोल्डर परत जागेवर. डबल कमांडरमध्ये केलेली गोष्ट अशी मागे फिरवता येत नाही. तिथे कंट्रोल झेड दाबलं तर फाइलीवर शेरा लिहायची खिडकी उघडते! ज्या घरात शिकवणारा कोणी नाही, तिथे चूक झाल्यावर परत फिरता येणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

दोन पॅनलचं म्हणाल तर विंडोजचं बटण आणि डावा बाण, मग दुसऱ्या खिडकीला उजवा बाण. दोन एक्सप्लोरर शेजारीशेजारी. २०२२ पासून विंडोज ११ च्या एक्सप्लोररला टॅबही आले आहेत.

मोबाईलचं तर तुम्ही बोललाच नाहीत. घरात सगळ्यात जास्त चालणारं काम म्हणजे फोन केबलने जोडून फोटो उतरवणं. फोन असा जोडला की त्याला पेन ड्राईव्हसारखं ड्राईव्हचं अक्षर मिळत नाही. एक्सप्लोररमध्ये तो आपोआप दिसतो. ड्राईव्हच्या अक्षरावर चालणाऱ्या या जुन्या घराण्यात त्यासाठी वेगळी वाट शोधावी लागते. आमच्या आईला ती वाट दाखवायला मी रोज कुठून येऊ?

घरचा कॉम्प्युटर एकट्याचा नसतो ओ. ज्याला सगळ्यात कमी येतं, त्याच्या हिशेबाने तो लावायचा असतो.

विडी घरकुल

मध्येच विचारते. आमच्याकडे वडिलांच्या फाइलींची नावं तेलुगूत, माझी मराठीत, आणि मामांकडून येतात ती कन्नडमध्ये. यातला कुठला मॅनेजर ती नीट दाखवतो? जुनी झिप उघडली की नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात.

साखर पेठ

विडी घरकुल ताई, फोल्डरमधली तेलुगू, कन्नड, मराठी नावं डबल कमांडरही दाखवतो आणि एक्सप्लोररही. युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची पद्धत, दोघांनाही कळतं. झिपचं दुखणं वेगळं आहे. जुनी झिप बनवणारी कित्येक सॉफ्टवेअरं नावं युनिकोडमध्ये साठवत नव्हती. बनवतानाच त्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं बसली असतील, तर नंतर कुठलाही फाइल मॅनेजर मूळ नाव परत आणू शकत नाही. आतली फाइल मात्र शाबूत असते. ती बाहेर काढून नाव पुन्हा द्या, आणि पुढच्या झिप सेव्हन-झिप या फुकट सॉफ्टवेअरने करा. सेव्हन-झिपची स्वतःचीही फाइल मॅनेजरची खिडकी आहे, त्यात एफ९ दाबलं की दोन पॅनल होतात. बऱ्याच जणांकडे तो इन्स्टॉल असतो आणि हे माहीत नसतं.

जुळे सोलापूर दादा, कंट्रोल झेडचा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण चूक लगेच लक्षात आली तरच त्याचा उपयोग. घरी होतं असं, की फोल्डर सरकतो, कॉम्प्युटर बंद होतो, आणि महिन्याने मुलीच्या ॲडमिशनला दाखला शोधायला बसल्यावर कळतं. तेव्हा कंट्रोल झेड कुठलं? मला चूक होण्याआधी थांबवणारं साधन हवंय.

फोनसाठी एक्सप्लोरर वापरा की, कोण नको म्हणतंय! डबल कमांडर टाकला म्हणून एक्सप्लोरर निघून जात नाही. दोन्ही राहतात.

कन्ना चौक

दोघांच्या मधलं सांगतो. घरासाठी एक्सप्लोरर प्लस प्लस घ्या. मुक्तस्रोत आहे, आकाराने लहान, इन्स्टॉल न करता पेन ड्राईव्हवरून चालतो, आणि दिसायला एक्सप्लोररसारखाच, त्यामुळे घरच्यांना नवं काही शिकावं लागत नाही. विंडोज १० वर टॅब हवे असलेल्यांना तेवढ्यात काम होतं.

जुळे सोलापूर

कन्ना चौक, दिसायला आणि चालायला तसाच असेल, तर माणसाने बदल कशासाठी करायचा? नुसत्या टॅबसाठी एक प्रोग्रॅम वाढवायचा, मग त्याचे अपडेट बघत बसायचे.

होटगी रोड

मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात आहे, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. फुकट सॉफ्टवेअर घेताना धोका बहुतेकदा त्या सॉफ्टवेअरमध्ये नसतो, तो कुठून उतरवलं त्यात असतो. लोक नाव सर्च करतात, वरची जाहिरात उघडतात, मोठ्या हिरव्या 'डाउनलोड' बटणावर दाबतात. मग फाइल मॅनेजरसोबत ब्राउझरचा टूलबार, 'पीसी फास्ट करा'वालं काहीतरी, आणि कधी त्याहून वाईट घरात शिरतं. मशीन माझ्याकडे येतं तेव्हा मालक म्हणतो, 'तो फुकटातला मॅनेजर टाकला आणि हे झालं.' म्हणून बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच घ्या. मिळत असेल तर पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) झिप घ्या, नको झालं की फोल्डर डिलीट करून मोकळे. आणि एक्सप्लोररच्या जागी दुसरा मॅनेजर कायमचा बसवायच्या युक्त्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) जाऊन करू नका. ते निस्तरायला वेळ जातो.

दुसरी गोष्ट. उन्हाळ्यात भर दुपारी लाईट जाते आणि नेमकी हार्ड डिस्कवर कॉपी चालू असते. साध्या डेस्कटॉपला यूपीएस नसला की कॉपी अर्धवट राहते. काही फाइली नावाने दिसतात, पण आत अपुऱ्या असतात. एक्सप्लोररमध्ये पुन्हा कॉपी लावली की 'ही फाइल आधीच आहे, बदलू का' असं विचारतो, आणि माणूस वेळ वाचवायला 'सोडून द्या' म्हणतो. अपुरी फाइल अपुरीच राहते. वर्षभराने बॅकअप उघडल्यावर लग्नाचा व्हिडिओ मध्येच तुटतो. इथे मी साखर पेठ यांच्या बाजूने आहे. डबल कमांडरमध्ये दोन फोल्डर एकमेकांशी ताडून बघायची सोय आहे, आणि 'मजकुरानुसार' अशी खूण केली तर नुसतं नाव, तारीख न बघता आतला डेटाही तपासतो. वेळ लागतो, पण कुठली फाइल वेगळी आहे ते समोर येतं. एक्सप्लोररमध्ये हे नाही.

बाळीवेस

तुम्ही सगळे कॉपी आणि हलवण्यावर बोलताय. घरी वेळ जातो तो शोधण्यात. 'ते पॅनकार्डचं स्कॅन कुठंय?' एवढ्यावर संध्याकाळ जाते. त्यासाठी मॅनेजर बदलायची गरज नाही, एव्हरीथिंग नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. ते विंडोजच्या ड्राईव्हवरची फाइलींची मूळ यादीच वाचतं, एकेक फोल्डर उघडत बसत नाही, म्हणून नाव टाइप करता करता उत्तर येतं. अट एकच, नाव धड असायला हवं. 'स्कॅन०००१' अशा नावाने सेव्ह केलं असेल तर कोणीच शोधून देणार नाही.

साखर पेठ

बाळीवेस, म्हणून तर नावं बदलायचं काम आधी येतं. डबल कमांडरमध्ये फाइली निवडून कंट्रोल एम दाबलं की शंभर फोटोंना 'गड्डा २०२५ ००१' अशी ओळीने नावं देता येतात, आणि देण्याआधी जुनं नाव, नवं नाव शेजारीशेजारी दिसतं. एक्सप्लोररमध्ये सगळे निवडून एफ२ दाबलं तर नुसतं कंसात १, २, ३ लागतं.

जुळे सोलापूर

त्यालाही उपाय आहे. मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज, फुकट आणि मुक्तस्रोत. त्यात पॉवररिनेम मिळतं, उजव्या क्लिकच्या मेनूतून उघडतं, बदलाआधी नवी नावं दाखवतं. म्हणजे एक्सप्लोरर, पॉवरटॉइज आणि बाळीवेस म्हणतात ते एव्हरीथिंग, एवढ्यात साखर पेठ यांची निम्मी यादी संपली.

होटगी रोड यांचा ताडून बघण्याचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. त्याला माझ्याकडे तोड नाही. माझं म्हणणं आता असं : घरात बॅकअप ज्याच्याकडे आहे त्याने डबल कमांडर पोर्टेबल घेऊन बॅकअपच्या डिस्कवरच ठेवावा. महिन्यातून एकदा डिस्क जोडायची, ताडून बघायचं, बंद करायचं. घरातल्या बाकीच्यांच्या डेस्कटॉपवर त्याचं चिन्हही नको.

विडी घरकुल

झिप सेव्हन-झिपने केली, मामांकडे पाठवली, नावं कन्नडमध्येच दिसली. धन्यवाद. पण दोन पॅनल बघून माझा भाऊ म्हणाला, यात अक्षर फार बारीक आहे, वडिलांना वाचता येणार नाही.

साखर पेठ

ताई, डबल कमांडरच्या सेटिंगमध्ये फाइलींच्या यादीचा फॉन्ट आणि आकार वेगळा बदलता येतो. वडिलांसाठी मोठा करा, आणि 'तारीख', 'आकार' सोडून बाकीचे कॉलम काढून टाका, म्हणजे नावाला जागा मिळते.

जुळे सोलापूर दादा, आईसाठी एक्सप्लोरर ठेवा, त्यावर वाद नाही. पण घरातल्या मुलांच्या बाबतीत मी तुमचं ऐकणार नाही. मोबाईलवर वाढलेल्या पोरांना फाइल 'कुठे' असते हेच ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी ती 'गॅलरीत' असते नाहीतर 'व्हॉट्सॲपवर'. दोन पॅनलमध्ये प्रत्येक पॅनलच्या डोक्यावर पूर्ण पत्ता सतत दिसतो आणि एफ५ दाबताना तो वाचावाच लागतो. शाळेचा प्रोजेक्ट पेन ड्राईव्हवर घेताना माझ्या पुतण्याला मी हेच वापरायला लावतो.

जुळे सोलापूर

पुतण्याला शिकवा, जरूर शिकवा. पत्ता एक्सप्लोररमध्येही दिसतो, वरच्या पट्टीत रिकाम्या जागी क्लिक केलं की. फक्त त्याला एवढंही सांगा, की शाळेतल्या लॅबमध्ये त्याला एक्सप्लोररच मिळणार आहे, आणि तिथे एफ५ दाबलं तर कॉपी होत नाही, खिडकी नुसती रिफ्रेश होते.