मदत हवी आहे: एचटीपी फवारणी पाईपचे दोन तुकडे पक्के कसे जोडायचे?

नमस्कार मंडळी, आमची सांगोल्याकडं डाळिंबाची बाग आहे, सगळा भगवा वाण. ट्रॅक्टरवर एचटीपी, म्हणजे जास्त प्रेशरचा फवारणी पंप अन् त्याला साडेआठ एमएमचा पाईप, शंभर मीटरचं बंडल. उंदरांनी एका ठिकाणी कुरतडला म्हणून तेवढा भाग कापला, आता एक लांब तुकडा अन् एक आखूड. दुकानातून खाचांचा पितळी जॉइनर आणला, दोन्हीकडं स्क्रूच्या क्लिपा आवळल्या. वीस किलो प्रेशरला काही होत नाही, पण तीसच्या पुढं नेलं अन् गड्यानं गन बंद केली की फाट्कन पाईप जॉइनरवरून निसटतो.

नीट बघितलं तर एवढ्या बारीक पाईपवर क्लिप गोल बसतच नाही, स्क्रूच्या खाली फट राहते अन् तिथूनच आधी थेंब यायला लागतात. कापलेल्या तोंडाशी आतला दोरा दिसतो, त्यात पाणी शिरून पाईपला फुगा पण आलाय.

कोण म्हणतं पीव्हीसीचं सोल्यूशन लाव, पण ते कडक पाईपचं असतं, असल्या नरम पाईपला एवढ्या प्रेशरला कसं टिकेल? बायंडिंग तार आवळावी का? नवीन बंडल लगेच घेणं जमणार नाही अन् पाऊस उघडला की तेल्या रोगासाठी फवारणी थांबवता येत नाही. मला जास्त काळजी पाईप ओढणाऱ्या माणसाची आहे, जॉइंट सुटला तर औषध सरळ तोंडावर येतं. कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
दादा, तार नको, ती पाईपमध्ये रुतून तिथंच कापते. फुगा आलेला भाग पूर्ण काढा, ब्लेडनं तोंड सरळ कापा, गरम पाण्यात धरून नरम करा (जाळावर अजिबात नको) अन् जॉइनर शेवटच्या खाचेपर्यंत आत घाला. मग जेसीबीचे हायड्रॉलिक पाईप बनवतात त्या दुकानात नेऊन वरून पितळी टोपण मशीननं दाबून घ्या, ते सगळीकडून सारखं आवळतं. आखूड तुकडा पंपाकडं लावा म्हणजे जॉइंट ट्रॅक्टरपाशीच राहील, माणसाच्या हातात येणार नाही.

पण गन बंद केल्यावरच सुटतोय म्हणजे आधी पंपाचा रेग्युलेटर, म्हणजे प्रेशर कमी-जास्त करायचा व्हॉल्व बघा. गन बंद झाली की सगळं पाणी रिटर्नच्या नळीतून टाकीत पडायला पाहिजे. तसं न होता प्रेशरचा काटा एकदम वर उडत असेल तर व्हॉल्व अडकलाय, मग कसलाही जॉइंट टिकायचा नाही. साध्या पाण्यावर चालवून बघा, औषध टाकू नका.

धागाकर्ता:
खूप आभार भाऊ. आत्ताच साध्या पाण्यावर बघितलं, गन बंद केली की काटा चाळीसच्या वर जातोय अन् रिटर्नला नुसती बारीक धार. फवारणीच्या बोर्डो मिश्रणातला चुना आत साचला असेल का? तो व्हॉल्व घरीच खोलून साफ करता येतो की मिस्त्रीच बोलवावा?