नव्या गाडीची बॅटरी चार दिवसांत बसते: चूक मालकाच्या वापराची की कंपनीची?

कासारवडवलीकर (धागाकर्ता)
गाडी चौदा महिन्यांची, पेट्रोल ऑटोमॅटिक. मी रोज बसने ठाणे स्टेशन आणि पुढे लोकल असा जातो, गाडी निघते ती शनिवार-रविवारी. गेल्या बुधवारी रात्री साडेअकराला आईला दम लागला. धावत पोडियमखालच्या पार्किंगमध्ये गेलो तर गाडीचं दारच उघडेना. किल्लीतलं पातं काढून दार उघडलं, बटण दाबलं, काटे थरथरले आणि नुसती टिकटिक. ऑटोमॅटिक असल्याने धक्का मारूनही उपयोग नाही. शेवटी वॉचमनने घोडबंदर रोडवरून रिक्षा आणली. आई आता बरी आहे.

बॅटरी बसायची ही तिसरी वेळ. पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरने बॅटरी बदलून दिली. दुसऱ्यांदा चार्ज करून दिली आणि 'गाडी चालवत जा' असं सांगितलं. मी जोर धरला तेव्हा 'कंपनीकडून सॉफ्टवेअर अपडेट येतंय' हे उत्तर मिळालं. त्याला पाच महिने झाले.

माझं म्हणणं एवढंच आहे: लॉक केलेली गाडी किती करंट खाते हे कंपनीने मोजावं आणि तो आकडा जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटर देतं त्या कामाच्या कागदावर) लिहून द्यावा. नुसती बॅटरी बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

सीवूड्स_४२
आई बरी आहेत हे वाचून हायसं वाटलं. पण तुमचं म्हणणं मला पटत नाही. कुठलीही आजची गाडी बंद असताना थोडा करंट घेतेच: अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ. ५० मिलिअँपिअरपर्यंत सगळे नॉर्मल धरतात. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, पंधरा दिवसांत १८. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची असेल तर चाळीस टक्के तिथेच संपली. त्यात तुमची शनिवारची फेरी म्हणजे मानपाडा ते माजिवडा, एसी चालू, इंजिन आयडलिंगला. इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ती भरणार किती? लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट भरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती कायमची दुबळी होते. आठवड्यातून एकदा पामबीचसारख्या मोकळ्या रस्त्यावर पाऊण तास गाडी काढा.

कासारवडवलीकर
तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो पंधरा दिवसांचा आहे. माझी गाडी रविवारी रात्री लावली आणि बुधवारी बसली.

मीटरवाला
पंचवीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय, म्हणून सांगतो. गाडी लॉक केल्यावर आतली मॉड्यूल्स, म्हणजे छोटी इलेक्ट्रॉनिक युनिटं, एकेक करून झोपायला हवीत. काही गाड्यांना त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून लॉक केल्या केल्या घेतलेलं रीडिंग धरू नका. तासाभराने बॅटरीच्या केबलला डीसी क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून करंट मोजणारा) लावा. त्यानंतरही दोन-तीनशे मिलिअँपिअर दिसले तर कुणीतरी जागं आहे. मग फ्यूजवरचा व्होल्टेज ड्रॉप मोजत त्याला शोधायचं. नव्या गाड्यांत माझा पहिला संशय गाडी मोबाइल ॲपला जोडणाऱ्या सिमवाल्या युनिटवर असतो. पोडियमखाली नेटवर्क नसेल तर काही युनिटं ते शोधतच राहतात.

पण मालकांनाही एक विचारतो. डॅशकॅम बसवलाय का, आणि कुठून? बाहेरच्या ॲक्सेसरीवाल्याने चोवीस तास चालू असलेल्या फ्यूजमधून वायर घेतली असेल तर त्यात कंपनीचा काय दोष?

सीवूड्स_४२
हेच! आधी आपलं घर तपासा.

कासारवडवलीकर
डॅशकॅम नाही. बाहेरचं काहीच बसवलेलं नाही, सीट कव्हरसुद्धा शोरूमचंच. नौपाड्यातल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला परवा बोलावलं होतं. लॉक करून सव्वा तासाने मोजलं, २८० मिलिअँपिअर. दिवसाला पावणेसात अँपिअर-अवर होतात, तीन दिवसांत वीस. बॅटरी आधी एकदा पूर्ण उतरलेली, ती आणखी काय तग धरणार? हा आकडा सर्व्हिस सेंटरला दाखवला तर 'बाहेरचं रीडिंग आम्ही मानत नाही' म्हणाले. मग तुम्ही मोजा म्हटलं, तर तेही नाही.

मोगरा_खारघर
इथे मी दादांच्या बाजूने आहे. दोष कळूनही दुरुस्ती रेंगाळते हे मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही घडलंय. ह्युंदाईच्या आयोनिक ५ आणि कियाच्या ईव्ही६ मध्ये १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणारं आयसीसीयू युनिट बिघडत होतं. ह्युंदाईने मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत गाड्या परत बोलावल्या, भारतात आयोनिक ५ जूनमध्ये बोलावल्या. आणि अमेरिकेत त्याच युनिटसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा रिकॉल काढावा लागला.

सीवूड्स_४२
ताई, ती गोष्ट वेगळी. तिथे चालत्या गाडीची ताकद जाण्याचा धोका होता. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलचं ११०अ कलम आलं, तेही पर्यावरणाला किंवा गाडीतल्या आणि रस्त्यावरच्या माणसांना इजा होऊ शकेल अशा दोषापुरतं. पार्किंगमध्ये उभी गाडी सुरू झाली नाही तर ते लागू करणं अवघड. शिवाय सॉफ्टवेअर घाईत सोडलं आणि ब्रेकच्या मॉड्यूलमध्ये गोंधळ झाला तर? चाचण्यांना वेळ लागणारच.

मोगरा_खारघर
रिकॉल नसेल, ग्राहक कायदा आहेच ना. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. दाद नाही मिळाली तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. १० ते २० लाखांच्या गाडीला दाव्याची फी ४०० रुपये आहे. पण कागद हवेत. तिन्ही वेळची जॉबकार्डं तुमच्याकडे आहेत का?

कासारवडवलीकर
दोन आहेत. चार्ज करून दिली त्या वेळचं दिलंच नाही, 'किरकोळ काम' म्हणाले.

चाचण्यांना वेळ लागतो हे मला मान्य आहे. पण अपडेट येईपर्यंत ते सिमचं युनिट बंद करून द्या, एवढं तरी करता येतं. मोबाइलवरून एसी लावायची सोय गेली तरी चालेल, रात्री गाडी सुरू झाली पाहिजे. तसं ईमेलने मागितलंय, आज नववा दिवस, उत्तर नाही.

सीवूड्स_४२
२८० खरं असेल तर वापराचा मुद्दा मी मागे घेतो. कंपनीची सगळी चूक आहे हे मात्र अजून मानत नाही, एका गाडीतला सदोष भागही असू शकतो. तुमच्या सोसायटीत हेच मॉडेल आणखी कुणाकडे आहे का? असेल तर तीही गाडी मोजा, तासाभराने, तशीच लॉक करून.

कासारवडवलीकर
बी विंगमध्ये एक आहे. रविवारी सकाळी मोजतो आणि दोन्ही आकडे इथेच टाकतो.