फॉरवर्डरच्या पत्त्यावर माल पाठवायचा की ऑर्डर सरळ कॅन्सल?

लेन्सवाला:
काल रात्री ऑर्डर आली, जुनी मॅन्युअल फोकस लेन्स, पैसे जमा, सगळं छान, आणि पत्ता बघितला तर डेलावेअरमधलं गोडाऊन, नावापुढे कसलासा कोड आणि खाली लांबलचक सूट नंबर (खोली नंबरसारखा). म्हणजे फॉरवर्डर. (ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी: बायर दुसऱ्या देशात बसलेला असतो, तो अमेरिकेतल्या एका गोडाऊनचा पत्ता भाड्याने घेतल्यासारखा वापरतो, आपण माल तिथे पाठवतो, ते लोक पुढे त्याच्या देशात पाठवतात.) माझं मत आता पक्कं झालंय, अशा ऑर्डरी घ्यायच्याच नाहीत. मागच्या वर्षी कॅमेरा बॉडी अशीच गेली, गोडाऊनला पोचली, तीन आठवड्यांनी मेसेज की शटर चालत नाही. रिटर्न आलं त्यात बॉडी तीच मॉडेलची पण सिरीयल नंबर वेगळा! साइटवाल्यांना फोटो पाठवले तर म्हणे रिटर्नचं ट्रॅकिंग डिलिव्हर्ड दिसतंय त्यामुळे रिफंड झाला. माल पण गेला, पैसे पण गेले. आता ही लेन्स पाठवू की पत्त्यात अडचण आहे म्हणून कॅन्सल करून टाकू? मी कॅन्सलच्या बाजूने आहे, पण आज संध्याकाळपर्यंत ठरवायचंय.

टेपपट्टी:
कॅन्सल करा. डोळे मिटून. पंधरा वर्षं विकतोय, महाग माल आणि सूट नंबर एकत्र दिसले की मी पुढचं वाचतच नाही. त्या एका ऑर्डरचा नफा तो काय, आणि भांडायला लागणारे दिवस किती.

उलटतपासणी:
पत्त्यात अडचण कुठे आहे हो? पत्ता खरा आहे, कुरियर तिथे रोज ट्रक भरून माल टाकतो. कॅन्सल करताना हे कारण दिलं की सेलरच्या रेकॉर्डला धक्का लागत नाही म्हणून सगळे तेच निवडतात, हे सरळ म्हणा ना. आणि तुमची गोष्ट नीट वाचली तर फसवलं बायरने, फॉरवर्डरने नाही. शटर चालत नाही म्हणून दुसरी बॉडी परत पाठवणारा माणूस पलीकडच्या गल्लीत राहणारा पण असू शकतो. चोर सोडून गोडाऊनला फाशी कशाला?

लेन्सवाला:
पलीकडच्या गल्लीतला असता तर निदान पार्सल एकदाच उघडलं गेलं असतं. इथे गोडाऊनमध्ये उघडलं, परत पॅक केलं, विमानात गेलं, कस्टमने उघडलं, मग बायरने. नुकसान कुठे झालं, अदलाबदल कोणी केली, काहीच सिद्ध करता येत नाही. माझा मुद्दा तोच आहे.

घरगुतीगिऱ्हाईक:
मी स्वतः फॉरवर्डर वापरते त्यामुळे राग आला वाचून, माफ करा. मला जुन्या शिलाई मशीनचे पार्ट लागतात, ते विकणारे दहातले आठ सेलर देशाबाहेर पाठवतच नाहीत. चार सेलरांकडून चार वस्तू घेऊन गोडाऊनमध्ये एका खोक्यात बांधून मागवल्या तर खर्च निम्म्याच्याही खाली येतो. डेलावेअर आणि ओरेगॉनमध्ये सेल्स टॅक्स नाही म्हणून फॉरवर्डर तिथे पत्ते देतात, त्यात लपवाछपवी काही नाही. उलट जास्त फसतो तो आमच्यासारखा सरळ बायर. रिटर्नची मुदत सुरू होते गोडाऊनला माल पोचला त्या दिवशी, बाकीच्या वस्तू येईपर्यंत खोकं तिथे पडून, मग प्रवास, मग कस्टम, माझ्या हातात येईपर्यंत तीस दिवस कधीच संपलेले असतात. पार्ट तुटका निघाला तर मी गप बसते. अशा दोन वस्तू आहेत माझ्या कपाटात.

नियमावली:
वरच्या ताईंचं बरोबर आहे आणि ते नियमातही आहे. ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटच्या मनी बॅक गॅरंटीत लिहिलंय की माल मूळ पत्त्यावर पोचल्यानंतर बायरने पुढे दुसऱ्या पत्त्यावर पाठवला तर त्याला ती गॅरंटी लागू नाही. म्हणजे तिथे कागदावर तरी सेलर फॉरवर्डरच्या केसमध्ये जास्त सेफ आहे. लेन्सवाले, तुमची केस कुठल्या साइटवरची?

लेन्सवाला:
दुसरीकडची, तिथे असलं कलमच नाहीये. आणि समजा असतं तरी चॅटवर बसलेल्या पोराला ते कलम मीच शोधून द्यायचं, हो ना?

नियमावली:
हो, तुम्हीच द्यायचं. तक्रार आली की पहिल्याच उत्तरात कलम, गोडाऊनची डिलिव्हरी तारीख, आणि रिटर्नचं पार्सल दुसऱ्या देशातून निघालंय त्याचा ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट. बरेच जण आधी बायरला शिव्या घालतात आणि पुरावा तिसऱ्या मेसेजला देतात, तोवर निकाल लागलेला असतो.

चार्जबॅकग्रस्त:
नियमावलींचं सगळं मान्य पण ते साइटपुरतं. बायर थेट बँकेत गेला आणि कार्डाचा चार्जबॅक टाकला (म्हणजे बँकेकडून पैसे परत मागितले) तर साइटची गॅरंटी बाजूला राहते. व्हिसा, मास्टरकार्डला बहुतेक कारणांसाठी १२० दिवस असतात, पेपॅलवर डिस्प्यूट १८० दिवसांपर्यंत टाकता येतो. आणि कार्ड चोरीचं असेल तर खरा मालक दोन महिन्यांनी स्टेटमेंट बघून बँकेला फोन करणार, तोवर तुमची लेन्स तीन समुद्र ओलांडून गेलेली. स्वतःची वेबसाइट असेल तर ३डी सिक्युअर (पैसे भरताना बँकेची ओळख तपासणी) चालू ठेवा, बायरने बँकेकडे ओळख पटवली की चोरीच्या कार्डाच्या चार्जबॅकची जबाबदारी साधारणपणे बँकेवर जाते. कार्डाच्या पत्त्याची तपासणी (बायरने दिलेला पत्ता बँकेतल्या पत्त्याशी जुळतो का) म्हणतात ती अमेरिका, कॅनडा, ब्रिटन सोडलं तर फारशी चालत नाही, म्हणजे परदेशी कार्ड आणि अमेरिकन गोडाऊन असं जुळलं की ती तपासणी असून नसल्यासारखी. म्हणून माझं मत टेपपट्टींकडे झुकतं, महाग मालाला नाहीच म्हणा.

उलटतपासणी:
पण मार्केटप्लेसवर पेमेंट तेच घेतात, कार्ड तपासणं त्यांचं काम. ईबेवर पत्ता ऑर्डरमधलाच असेल, वेळेत पाठवला असेल, ट्रॅकिंगला डिलिव्हर्ड असेल, ७५० डॉलर किंवा वर असेल तर सही घेतली असेल, तर माल मिळाला नाही ही तक्रार सेलरवर टिकत नाही. पेपॅलचंही सहीचं बंधन तेवढ्यालाच लागतं. तुम्ही स्वतःच्या वेबसाइटचं दुखणं सगळ्यांच्या गळ्यात घालताय.

टेपपट्टी:
सही कोणाची? गोडाऊनच्या दारावरच्या माणसाची. तो दिवसाला शेकडो खोक्यांवर सही करतो, त्यातलं एक रिकामं होतं का भरलेलं त्याला काय माहीत.

उलटतपासणी:
माल मिळाला नाही या तक्रारीला तेवढं पुरतं. आत काय होतं हा वेगळा वाद, त्यासाठी वजन आहे. कुरियरच्या काउंटरवर पार्सल द्या आणि वजनाची पावती घ्या. गोडाऊनवाले पण माल घेताना वजन करतात कारण पुढचं भाडं त्यावरच काढतात. दोन्ही आकडे जुळले तर रिकाम्या खोक्याची कथा तिथेच संपते. कॅमेऱ्याच्या दुकानात काम केलेलं नाही मी पण सिरीयल नंबर दिसेल असा न थांबता पॅकिंगचा व्हिडिओ काढायला फार अक्कल लागत नाही.

लेन्सवाला:
सिरीयलचे फोटो माझ्याकडे होते भाऊ. लिहिलंय वर.

उलटतपासणी:
हो, ते वाचलं होतं, बोलण्याच्या भरात गेलं. तुमच्या बाबतीत साइट चुकली, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पडदानशीन:
दोन्ही बाजू एका गोष्टीत गल्लत करताय. फॉरवर्डर वेगळा आणि घरच्या पत्त्यावरून पार्सल पुढे पाठवणारा वेगळा. दुसऱ्या प्रकारात घरबसल्या पार्सल तपासायची नोकरी म्हणून कोणाला तरी जाळ्यात ओढतात, चोरीच्या कार्डावर घेतलेला माल त्याच्या घरी येतो, तो बिचारा नवं लेबल लावून बाहेर पाठवतो, महिनाअखेर पगार मागितला की समोरचा गायब आणि दारात पोलीस. तिथे पत्ता साध्या घराचा असतो, सूट नंबर नसतो, बघणाऱ्याला काहीच खटकत नाही. म्हणजे सूट नंबर बघून दचकणारे लोक नेमका तोच माल बिनधास्त पाठवतात! पत्ता शोधून बघा. गोडाऊनचे पत्ते कंपन्या स्वतः जाहीर करतात. बाकी नवीन अकाउंट, एकाच वस्तूचे तीन नग, आजच पाठवा म्हणून घाई, साइटबाहेर बोलू असा आग्रह, हे बघायचं. आणि माझा शिपिंग एजंट येईल, मी जास्त पैसे पाठवतो त्यातले त्याला द्या, असं कोणी म्हटलं तर त्याला ब्लॉक करून जेवायला बसा, तो एजंट वगैरे कोणी नसतो.

सीमापार:
अजून एक बाजू कोणी बोललं नाही. अमेरिकेतून विकत असाल तर निर्यातीचे नियम फक्त कंपन्यांना नसतात. तिथल्या वाणिज्य खात्याचं निर्यात नियंत्रण बघणारं बीआयएस म्हणून ऑफिस आहे, त्यांच्या धोक्याच्या खुणांच्या यादीत मालाचं शेवटचं ठिकाण म्हणून फॉरवर्डिंग कंपनीचा पत्ता दिलेला असणं ही खूण स्पष्ट लिहिलेली आहे. साधी लेन्स असेल तर झोप उडवू नका, पण थर्मल कॅमेरा, नाइट व्हिजन असलं काही विकत असाल तर माल कुठल्या देशात चाललाय हे विचारल्याशिवाय हलवू नका. मला माहीत नव्हतं म्हणून सुटका होईलच असं नाही.

घरगुतीगिऱ्हाईक:
विचारा ना पण! हेच म्हणतेय मी मघापासून. एका सेलरने मला मेसेज करून विचारलं की हा फॉरवर्डर दिसतोय, कुठे नेणार, पुढे पाठवल्यावर गॅरंटी राहणार नाही चालेल ना. मी हो म्हटलं, त्याने पाठवलं, विषय संपला. बाकीचे न विचारता कॅन्सल करतात आणि माझे पैसे आठवडाभर अडकतात.

टेपपट्टी:
चोर पण हो चालेल असंच म्हणणार ताई.

घरगुतीगिऱ्हाईक:
म्हणू दे की. लिहून तर देतोय ना तो.

पोस्टमनचा नातू:
गंमत सांगू का, ईबेने २०२२ मध्ये स्वतःची इंटरनॅशनल शिपिंग सेवा आणली त्यात तुम्ही माल पाठवता इलिनॉयमधल्या गोडाऊनला आणि पुढचं ते बघतात. त्याआधीच्या ग्लोबल शिपिंग प्रोग्रामचं गोडाऊन केंटकीत होतं. म्हणजे काय, फॉरवर्डरच की! फरक एवढाच की तिथे गोडाऊनला माल पोचला की पुढची जबाबदारी ते घेतात, रिटर्नसुद्धा तुमच्या दारात येत नाही. गोडाऊनला घाबरतो असं म्हणणारे सगळे ते चालू करून निवांत झोपतात. भीती गोडाऊनची नाहीच, पुढचा धनी कोण याची आहे.

टेपपट्टी:
मग मी वेगळं काय म्हणतोय? धनी नाही म्हणून पाठवत नाही.

लेन्सवाला:
अपडेट देतो. बायरला मेसेज केला, जरा तिरकसच लिहिलं खरं सांगायचं तर, की हा पत्ता गोडाऊनचा आहे, माल नक्की कुठे जाणार आणि तुम्ही थेट तुमच्या देशातून का नाही मागवलं. तासाभरात उत्तर आलं. देशाचं नाव दिलं, लेन्स कुठल्या बॉडीवर लावणार ते लिहिलं, गॅरंटीचं चालेल म्हणाला, आणि खाली एक ओळ: तुमच्या लिस्टिंगवर फक्त देशांतर्गत पाठवतो असं लिहिलंय, मग मी दुसरं काय करणार होतो?
जाऊन बघितलं, खरंच आहे. मागच्या वर्षीच्या त्या प्रकारानंतर मीच बाहेरचं शिपिंग बंद करून ठेवलं होतं.

उलटतपासणी:
😀

टेपपट्टी:
गोड बोलतोय. माझं मत बदललेलं नाही.

लेन्सवाला:
सिरीयलचा व्हिडिओ काढलाय, उद्या काउंटरवर वजन करून पावती घेतो, किंमत तेवढी नाहीये तरी सही पण लावतो. कॅमेरा बॉडी मात्र अजूनही पाठवणार नाही, सांगून ठेवतो. आणि ते बाहेरचं शिपिंग परत चालू करायचं बटण कुठे असतं कोणी सांगेल का, अर्धा तास शोधतोय.