रेसिपीचं पुस्तक लिहायचं, चित्रंही आपणच काढायची... यावर घर चालतंय काय?

मलप्रभाकाठ:
नमस्कार मंडळी. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, शाळेत ड्रॉइंग शिकवत होते, आता सोडलंय. गेली तीन वर्षं सासूबाईंच्या हातचे पदार्थ लिहून काढायलेय, नव्वदएक झालेत, प्रत्येकाला वॉटरकलरमधलं चित्र, फोटो एकही नाही. एका प्रकाशकाला दाखवलं तर म्हणाले चित्रं झकास, सगळी आम्हाला देऊन टाका, एकरकमी पैसे घ्या, आणि भाषा आम्ही जरा 'नीट' करून घेतो. नीट म्हणजे आमच्या गुरेळाच्या चटणीचं कारळं होणार आणि पुंडीची भाजी अंबाडी होणार, मग ते आमचं पुस्तक राहिलं कुठं? घरात यावरून रोज चर्चा, नवरा म्हणतोय देऊन टाक आणि मोकळी हो. इथं कुणी हे काम करतंय काय? घर चालतंय काय यावर? आणि दुसरी अडचण म्हणजे सासूबाई सगळं चिपट्या-मापट्यात, म्हणजे जुन्या भरून मोजायच्या मापांत सांगतात, त्याचं काय करू?

रंगपेटी_शहापूर:
ताई, पुस्तकावर घर चालत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ३०० रुपयाचं पुस्तक, रॉयल्टी १० टक्के धरली तर हजार प्रती खपल्यावर तुमच्या हातात ३०,००० आणि हजार प्रती खपायला किती वर्षं लागतील ते विचारू नका. माझं चालतंय ते लग्नपत्रिका, मसाल्याच्या पाकिटावरची चित्रं आणि मे महिन्यातले क्लास यावर. पण काम सोडवत नाही बघा.

एक पदार्थ मी तीनदा करून बघतो. एकदा नुसतं बघायला, एकदा मोजायला, एकदा काढायला. तिसऱ्या वेळचं जेवण कायम गार, बायको वैतागलीय. सुरुवातीला मी ताटात वाढलेला पदार्थच काढायचो, मग एकदा कुंदा काढला, आमच्याकडची दूध आटवून केलेली मिठाई. मन लावून, तपकिरीच्या चार छटा वगैरे. शेजारचा पोरगा म्हणाला, अण्णा, हा शेणाचा पो कशाला काढलाय? तेव्हापासून ताट बंद. आता कढई काढतो, उलथन्यामागं दूध आटून तळ दिसायला लागतो ती वेळ काढतो, कडेला चिकटलेली साय खरवडणारा हात काढतो. ती वेळ फोटोत नीट सापडत नाही, वाफच येते नुसती. तुमची चित्रं ताटातली आहेत की कढईतली, आधी बघा.

गुरेळ सोडू नका. शब्द तोच ठेवा आणि शेजारी ते काळं बारीक बी काढा, पुण्याची बाई दुकानात चित्र दाखवून घेईल.

निपाणीचा_प्रेसवाला:
चित्रं देऊन टाकू नका वो! कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात असं आहे की कुणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि लेखी काही वेगळं ठरलं नाही तर पहिला हक्क त्या पैसे देणाऱ्याचा होऊ शकतो. तुमचं तसं नाही, तुमची आधीच काढून तयार आहेत, म्हणजे तुमचीच, तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. नुसता जिन्नस-मापांचा तक्ता कुणाचा नसतो, पण तुमची वाक्यं आणि चित्रं तुमची. करारात किती वर्षांसाठी आणि कुठल्या कुठल्या भाषेत ते लिहून घ्या. मुदत लिहिलीच नाही तर कायदा ५ वर्षं धरतोय.

आता छपाईचं. नव्वद चित्रं चार रंगात छापाल तर पुस्तक महाग होणार. आमच्याकडं १६ पानं एकाच मोठ्या कागदावर छापतात, त्याला फॉर्म म्हणतात, रंगीत सगळं एकाच फॉर्ममध्ये गोळा करा, बाकी काळ्या रेषेत. रंगामागं एक प्लेट लागते, म्हणजे फक्त त्या फॉर्मला दर बाजूला चार प्लेटा, बाकीला दर बाजूला एक. आणि स्क्रीनवर हळद-कोथिंबीर लखलखीत दिसते तशी कागदावर येत नाही, हिरवा मळतोच, प्रूफ बघितल्याशिवाय सही करू नका. स्वतःच छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

टिळकवाडीची_काकू:
सगळे पैशाचंच बोलायलेत. बाई गं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, हे पुस्तकात पहिल्या पानावर घाल आणि माप काढून दाखव. पण चिपटं हे भरून मोजायचं, वजनाचं नाही, चिपटंभर तांदूळ आणि चिपटंभर रवा काट्यावर सारखे येत नाहीत. सासूबाईंचंच चिपटं घे, प्रत्येक जिन्नस भरून एकदा काट्यावर ठेव, ग्रॅम कंसात लिही. त्यांचं माप काढून टाकू नको.

आणि मांडे काढलेस काय? माझ्या भाचीच्या लग्नाच्या पुस्तिकेत कुणी मांडा तव्यावर दाखवलावता, तोही सपाट! अगं पालथं खापर असतंय, आणि मांडा हातावर ताणत ताणत कोपरापर्यंत येतो. भाजल्यावर गरम आहे तोवर घडी घालायची, गार झाला की कडकन मोडतो. घडी कशी घालतात ते लिहून कुणाला कळणार? तिथं चित्रच पायजे.

मलप्रभाकाठ:
काकू, पकडलंत. मी मांडा ताटलीतच काढलाय, घडी घातलेला, वर पिठीसाखर. खापर नाहीच. मला ताणता येत नाही म्हणून बघायचंच टाळलं मी, खरं सांगायचं तर.

प्रकाशकांना आज फोन केला, चित्रं विकणार नाही, पाच वर्षांसाठी फक्त मराठी आवृत्तीला देते म्हटलं. "विचार करून सांगतो" म्हणाले. बघू.

चिपटं काट्यावर ठेवलं तर सासूबाई म्हणाल्या, माझ्यावर विश्वास नाही होय तुझा? दोन दिवस धड बोलल्या नाहीत. मग काल रात्री स्वतःच दुसरं चिपटं काढून आणलं, माहेरचं, पितळेचं. दोन्ही भरून बघितली. सारखी नाहीत! आता कुठलं काढू?

टिळकवाडीची_काकू:
दोन्ही काढ. आणि कुठलं कुणाचं ते खाली लिही.