हमी देऊन आरोपी आणणं म्हणजे सार्वभौमत्वावर पाणी सोडणं?

कडूलिंब :
१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट प्रकरणातला आरोपी अबू सालेम याला पोर्तुगालने २००५ मध्ये आपल्या ताब्यात दिलं. त्याआधी, २००२ मध्येच, आपल्या सरकारने लेखी हमी दिली होती : फाशी नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैदही नाही. २०१७ मध्ये टाडा (दहशतवादविरोधी कायद्याच्या) न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली, पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २५ वर्षं भरली की केंद्राला शब्द पाळावाच लागेल.
आता त्याच प्रकरणातला याकूब मेमन बघा. तो ३० जुलै २०१५ ला नागपूरला फासावर गेला. गुन्हा मुंबईत, गेलेली २५७ माणसं मुंबईत, आणि शिक्षेची कमाल मर्यादा मात्र पोर्तुगालच्या मर्जीने! पळायला देश नीट निवडला की शिक्षाही निवडता येते. मला हे मान्य नाही.

उंबरठा :
हमी दिली नसती तर काय झालं असतं, तेही लिहा की. बनावट कागदपत्रांची तिथली शिक्षा भोगून तो मोकळा फिरला असता. आणि अशी सवलत कुणी बाहेरून लादलेली नाही. आपल्याच १९६२ च्या प्रत्यार्पण (आरोपी दुसऱ्या देशाच्या ताब्यात देण्याच्या) कायद्यात ३४सी कलम आहे : आरोपी देणाऱ्या देशात त्या गुन्ह्याला फाशी नसेल, तर इथेही फाशीऐवजी जन्मठेप. संसदेने केलेला कायदा पाळण्यात कसलं आलंय सार्वभौमत्व गमावणं?

कडूलिंब :
३४सी मध्ये २५ वर्षं कुठे आहेत? तिथे जन्मठेप आहे. वरची सूट सरकारने स्वतःच्या अधिकारात देऊन टाकली.

उंबरठा :
बरोबर, म्हणूनच ती हमी न्यायालयाला बांधत नाही, सरकारला बांधते. टाडा न्यायालयाने कायद्याप्रमाणे जन्मठेपच दिली. सुटका होईल ती राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ खाली, राष्ट्रपतींच्या शिक्षामाफीच्या अधिकारात. यात पोर्तुगालच्या न्यायाधीशाची सही कुठेच लागत नाही. उद्या हा शब्द मोडला तर पुढच्या वेळी कुठला देश आपल्या कागदावर विश्वास ठेवेल?

खडूस :
विश्वासाचं कौतुक राहू द्या. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात १९९५ मध्ये विमानातून शस्त्रं टाकली, त्यातला आरोपी किम डेव्ही डेन्मार्कमध्ये आरामात आहे. हमी देऊनसुद्धा तिथल्या न्यायालयाने २०११ मध्ये नाही म्हटलं, २०२४ मध्ये पुन्हा नाही. कारण काय, तर भारतात छळ होईल! कर्जबुडव्या विजय मल्ल्याला ब्रिटनकडून मागताना तर आर्थर रोड तुरुंगातल्या बराकीचा व्हिडिओ लंडनच्या न्यायालयाला दाखवावा लागला. आपल्या तुरुंगाची तपासणी लंडनने करायची? असल्या देशांशी करार ठेवायचेच कशाला?

शेवंता :
खडूस, संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, पण अजून अनुसमर्थन (करार बंधनकारक म्हणून स्वीकारणं) केलेलं नाही. आरोपीचा वकील हेच न्यायालयापुढे ठेवतो. हा मुद्दा डेन्मार्कने आपल्याविरुद्ध शोधून काढलेला नाही, आपणच त्याच्या हातात दिलाय. राग डेन्मार्कवर का काढायचा?

खडूस :
आणि अमेरिकेचं काय? हेडलीने गुन्हा कबूल केला आणि बदल्यात भारतात पाठवणार नाही असं लिहून घेतलं. २६/११ ची टेहळणी केलेला माणूस! त्याचा साथीदार तहव्वूर राणा २०२५ मध्ये आला, हेडली नाही. तिथे कुणाच्या तुरुंगाचा प्रश्न होता?

शेवंता :
हा मुद्दा मान्य. तो सरळसरळ त्यांच्या सोयीचा सौदा होता.
पण मग आपलंही बोलू. बांगलादेशाने डिसेंबर २०२४ मध्ये शेख हसीना यांची मागणी केली. २०१३ चा करार आहे. त्यात राजकीय गुन्ह्याचा अपवाद आहे आणि खून त्या अपवादात धरायचा नाही, असंही लिहिलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे त्यांना फाशी सुनावली गेली. कडूलिंब, तुमच्या नियमाने ढाक्याने मागितलं की बिनशर्त पाठवायचं ना? हमी मागायची नाही, तुरुंग बघायचा नाही?

कडूलिंब :
त्या माजी पंतप्रधान आहेत, बॉम्ब पेरणारा गुंड नव्हे. तुलनाच चुकीची.

उंबरठा :
ती कोण आहे हे कुणी ठरवायचं, ढाक्याने की दिल्लीने?