मदत हवी आहे: वर्गात लेक मला सोडणारच नाही

नमस्कार मंडळी, आम्ही मालवणचे. लेकीच्या बालवाडीत बाई दर शुक्रवारी एका पालकाला तासभर मदतीला बोलावतात. या शुक्रवारी माझी पाळी. शिंपले, करवंट्या, वाळवलेले आंब्याचे बाठे अशी टोपली भरून ठेवलीय. मोजायचं, लहान-मोठं लावायचं, हात फिरवून खरखरीत कुठलं ते ओळखायचं. बारीक शिंपले आधीच काढून टाकले, चार वर्षांची पोरं काय तोंडात घालतील नेम नाही!

अडचण वेगळीच. मला वर्गात बघितलं की ही पदर धरून बसणार, दुसऱ्या पोराला जवळ घेतलं की भोकाड. तिला टोपलीवाली करून काम द्यावं, की बाईंना सांगून दुसऱ्याच गटात बसावं? आणि निघताना रडली तर? अनुभव असेल त्यांनी सांगा.