‘प्रोग्रेसिव्ह उमेदवार’: पुरोगामी, प्रागतिक, प्रगतिशील की डावा?

मूळ प्रश्न (टूसॉन, ॲरिझोना)

नमस्कार मंडळी. आमच्या मतदारसंघात २०२५ साली झालेल्या निवडणुकीची हकीकत मी साताऱ्याला बाबांसाठी मराठीत लिहिते आहे. पहिलं वाक्य असं लिहिलं होतं: ‘काँग्रेसच्या पोटनिवडणुकीत पुरोगामी उमेदवाराची निवड.’ बाबांनी वाचलं आणि लगेच फोन केला. ‘कुठली काँग्रेस? आपली? आणि निवड केली कोणी, दिल्लीने?’ पाच शब्दांच्या वाक्यात दोन ठिकाणी चुकामूक झाली. तिसरी ‘पुरोगामी’ या शब्दापाशी होती, पण ती त्यांच्या लक्षात आली नाही. माझ्या आली, म्हणून इथे विचारते आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. राऊल ग्रिहाल्वा (आडनावाचा उच्चार स्पॅनिश, ‘ज’ नाही) २००२ च्या निवडणुकीपासून आमच्याकडून खासदार म्हणून वॉशिंग्टनला जात होते. तिथल्या ‘प्रोग्रेसिव्ह कॉकस’चे, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रोग्रेसिव्ह खासदारांच्या गटाचे, ते दहा वर्षं सहअध्यक्ष होते. १३ मार्च २०२५ ला ते वारले. त्यांच्या जागेसाठी जुलैत डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, झाली. त्यात त्यांची मुलगी आदेलिता होत्या, पंचविशीतली कार्यकर्ती डेजा फॉक्स होती आणि राज्य विधिमंडळाचे माजी सदस्य डॅनियल हर्नांडेझ होते. हर्नांडेझ म्हणजे २०११ मध्ये टूसॉनला तेव्हाच्या खासदार गॅबी गिफर्ड्‌स यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा त्यांना सावरणारा तो तरुण.

मतपत्रिका टपालाने घरी आली. तिच्यावर नुसती नावं. सगळे एकाच पक्षाचे, त्यामुळे पक्षावरून काही कळायची सोय नाही, आणि आपल्यासारखी चिन्हंही नाहीत. अशा वेळी ‘प्रोग्रेसिव्ह’ हा शब्दच चिन्हाचं काम करतो. आणि हे चिन्ह एकीकडेच नव्हतं. आदेलितांना सिनेटर बर्नी सँडर्स आणि खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ यांचा पाठिंबा होता. फॉक्सही त्याच मुद्द्यांवर बोलत होती. मतपत्रिका माझ्या ओट्यावर तीन दिवस पडून होती.

तर विचारायचं ते असं. हा शब्द मराठीत कसा आणायचा? ‘पुरोगामी’ लिहिलं की बाबांच्या डोळ्यांपुढे सत्यशोधक समाज, आंतरजातीय विवाह आणि जादूटोणाविरोधी कायदा येतो. इथे त्या शब्दात सगळ्यांना सरकारी आरोग्यविमा, किमान वेतन आणि कंपन्यांकडून निवडणूकनिधी न घेणं असतं.

प्रतिसाद (पुणे)

ताई, आधी सोपी गाठ सोडवू. अमेरिकेच्या संदर्भात सुटा ‘काँग्रेस’ शब्द मराठी वाक्यात ठेवूच नये. ‘अमेरिकेचं प्रतिनिधिगृह’ म्हणा, गोंधळ संपतो. ‘खासदार’ मात्र चालेल, तो कोणत्याही देशाच्या संसदेला लावायची सवय आपल्याला झालेली आहे.

‘पोटनिवडणूक’ बदलू नका. ‘विशेष निवडणूक’ असं शब्दाला शब्द ठेवून लिहिलेलं वाचतो तेव्हा मला वाईट वाटतं, कारण आपल्याकडे इतका नेमका शब्द तयार असताना तो टाकून दिलेला असतो. पोटजात, पोटकलम, पोटभाडेकरू. मोठ्याच्या पोटात असलेलं ते ‘पोट’. दोन वर्षांच्या मुदतीच्या पोटात, उरलेल्या काळापुरती होणारी ती पोटनिवडणूक. ॲरिझोनात झालं ते हेच. शिवाय अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे प्रतिनिधिगृहातली रिकामी जागा नेमणुकीने भरताच येत नाही, निवडणूकच घ्यावी लागते. सिनेटचं तसं नाही, तिथे बऱ्याच राज्यांत गव्हर्नर तात्पुरता सदस्य नेमू शकतो.

आता ‘पुरोगामी’. पुरस् म्हणजे पुढे, गामिन् म्हणजे जाणारा. संस्कृतात त्याचा साधा अर्थ पुढे चालणारा, म्होरक्या. म्हणजे शब्दाच्या घडणीत पुरोगामी आणि आपला ‘पुढारी’ सख्खे भाऊ आहेत. विचाराने पुढे असलेला हा अर्थ आधुनिक, आणि ‘प्रतिगामी’ समोर उभा राहिल्यावर तो पक्का झाला. याच्या आधी तेच काम ‘सुधारक’ करत होता. आगरकरांनी १८८८ मध्ये पत्र काढलं त्याचं नावच ते.

माझी सूचना ‘प्रागतिक’. प्रगतीशी थेट नातं आहे, सत्यशोधक समाज डोळ्यांपुढे येणार नाही, कानालाही बरा.

प्रतिसाद (कोल्हापूर)

सर, ‘प्रागतिक’ला माझा विरोध आहे, आणि कारण इतिहासातलं आहे. सुरतेला १९०७ मध्ये जहाल आणि मवाळ वेगळे झाले. पुढे १९१८ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडून ज्या नेमस्तांनी लिबरल फेडरेशन काढलं, त्यांना मराठीत ‘प्रागतिक पक्ष’ म्हणत. सनदशीर, सबुरीने चालणारी, सरकारशी बोलणी करणारी माणसं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण सँडर्स यांच्या गटाला प्रागतिक म्हणणं म्हणजे जहालांना मवाळांची टोपी घालणं. जुनी मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला अर्थ बरोबर उलटा लागेल.

प्रतिसाद (नागपूर)

आमच्याकडे हिंदीच्या शेजारामुळे ‘प्रगतिशील’ सहज तोंडात येतो. २००४ ची आघाडी हिंदीत ‘संयुक्त प्रगतिशील गठबंधन’ झाली आणि मराठीत ‘संयुक्त पुरोगामी आघाडी’. इंग्रजी नाव एकच, पण मराठी बातमीदारांनी हिंदीतला तयार शब्द उचलला नाही, घरचा घेतला. मला ही निवड फार महत्त्वाची वाटते. मराठीत ‘प्रगतशील’ म्हटलं की पुढे आपोआप ‘शेतकरी’ येतो: ठिबक बसवणारा, नवं वाण लावून बघणारा. राजकारणातल्या माणसाला तो शब्द लागत नाही.

पण एक धोकाही सांगतो. आपल्याकडे ‘पुरोगामी’ हे पाटीवरचं नावही झालं आहे. १९७८ ला शरद पवारांचं सरकार आलं ते ‘पुरोगामी लोकशाही दला’चं, म्हणजे पुलोदचं. त्यात शेकाप होता आणि जनता पक्षही होता, आणि त्या जनता पक्षात जनसंघातून आलेली मंडळी होती. सगळे मिळून पुरोगामी! तेव्हा पाटीवर काय लिहिलंय त्यावरून आत कोण बसलंय ते कळत नाही, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही.

प्रतिसाद (मुंबई)

‘डावा’ म्हणा आणि मोकळे व्हा.

मूळ प्रश्नकर्ती

‘डावा’चा विचार केला होता. अडचण अशी की मराठीत डावा म्हटलं की लाल झेंडा येतो. कम्युनिस्ट, शेकाप, गिरणी कामगारांचे लढे. इथे प्रोग्रेसिव्ह म्हणवणारे सगळे तेवढे डावे नाहीत. सँडर्स स्वतःला ‘डेमोक्रॅटिक सोशलिस्ट’ म्हणवतात, तो वेगळा शब्द आहे आणि त्याला ‘लोकशाही समाजवादी’ हा जुना, चांगला मराठी शब्द आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला तर इथे ज्यावरून वाद होतो तो फरकच बुजून जाईल.

प्रतिसाद (क्लीव्हलँड, ओहायो)

मी जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे २०२१ मध्ये नेमकं हेच झालं आणि तेव्हापासून हा शब्द मी जपून वापरते.

आमच्या खासदार मार्शा फज बायडन यांच्या मंत्रिमंडळात गेल्या, त्यांची जागा रिकामी झाली. ऑगस्टमध्ये प्रायमरी. तेरा उमेदवार, पण खरी लढत दोघींची. नीना टर्नर या माजी राज्य सिनेटर, सँडर्स यांच्या प्रचाराच्या सहअध्यक्ष राहिलेल्या. समोर शाँटेल ब्राउन, कायाहोगा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्ष, हिलरी क्लिंटन आणि जिम क्लायबर्न यांचा पाठिंबा. ब्राउन यांचा भर बायडन यांच्यासोबत मिळून काम करण्यावर होता. बाहेरच्या गटांनी दोन्ही बाजूंनी पैसा ओतला, टीव्ही लावायची सोय राहिली नाही. सगळ्या बातम्यांत टर्नर ‘प्रोग्रेसिव्ह’ आणि ब्राउन ‘एस्टॅब्लिशमेंट’. मी आमच्या मराठी गटात लिहिलं होतं, ‘पुरोगामी विरुद्ध प्रस्थापित’. साधारण साडेपाच टक्क्यांनी ब्राउन जिंकल्या.

मग काय झालं? ब्राउन प्रतिनिधिगृहात गेल्या आणि प्रोग्रेसिव्ह कॉकसच्या सदस्य झाल्या. मवाळांच्या ‘न्यू डेमोक्रॅट’ गटाच्याही झाल्या. २०२२ ला त्याच दोघींची पुन्हा लढत झाली तेव्हा कॉकसच्या निवडणूक शाखेने पाठिंबा दिला तो ब्राउन यांना! टर्नर यांच्यासाठी दारोदार फिरलेल्या माझ्या मैत्रिणीला किती लागलं ते मी पाहिलं आहे. माझं ‘पुरोगामी विरुद्ध प्रस्थापित’ हे शीर्षक एका वर्षात खोटं ठरलं.

तेव्हापासून मी शब्दाचे तीन उपयोग वेगळे ठेवते. एक म्हणजे गटाचं नाव: १९९१ साली स्थापन झालेला तो कॉकस, त्याला ‘पुरोगामी गट’ म्हणायला हरकत नाही, कारण ते विशेषनाम आहे. दुसरा म्हणजे उमेदवाराने स्वतःला लावलेलं विशेषण, तिथे ‘स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या’ असं लिहावं. यात टोमणा नाही, कोण म्हणतंय तेवढं सांगायचं. तिसरा उपयोग म्हणजे लिहिणाऱ्याचा स्वतःचा निवाडा. तो द्यायचा असेल तर जबाबदारी घेऊन द्यावा, बातमीच्या आडून नको.

प्रतिसाद (पुणे)

‘प्रागतिक’ मागे घेतो. कोल्हापूरकरांचं म्हणणं पटलं.

प्रतिसाद (क्वीन्स, न्यू यॉर्क)

‘उमेदवाराची निवड’ याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मराठीत उमेदवारी ‘मिळते’, तिकीट ‘दिलं जातं’ किंवा ‘कापलं जातं’. क्रियापदं बघा: देणारा कायम वरचा. म्हणून तर ताईंच्या वडिलांनी ‘दिल्लीने का’ असं विचारलं. प्रायमरीत तिकीट मतदारच देतात. तेव्हा ‘प्राथमिक निवडणूक’ हा रूढ शब्द मला अपुरा वाटतो, त्याने फक्त पहिली फेरी एवढंच कळतं. ‘उमेदवारीसाठीची निवडणूक’ लिहिलं तर एका दमात उलगडा होतो. नंतर खुशाल प्रायमरी म्हणा.

मात्र सगळीकडे असं नाही. आमच्या न्यू यॉर्कमध्ये पोटनिवडणूक लागली की प्रायमरी होतच नाही, पक्षाचे स्थानिक पदाधिकारी उमेदवार ठरवतात. तिथे ‘तिकीट मिळालं’ हे आपलं क्रियापद तंतोतंत बसतं.

या शब्दाचं आणि प्रायमरीचं जुनं नातंही आहे. उमेदवार पुढाऱ्यांनी बंद खोलीत न ठरवता मतदारांनी ठरवावा ही मागणीच मुळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रोग्रेसिव्ह चळवळीची. रॉबर्ट ला फॉलेट यांच्या विस्कॉन्सिनमध्ये १९०४ साली मतदारांनी तसा कायदा मंजूर केला. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१२ मध्ये वेगळा पक्ष काढला त्याचं नावही प्रोग्रेसिव्हच. म्हणजे तुमच्या घरी टपालाने आलेली ती मतपत्रिकाच त्या चळवळीची देणगी आहे, नाव कोणाचंही असो.

प्रतिसाद (कोल्हापूर)

हे फार छान सांगितलंत. एक भर. तिकडे ‘लिबरल’ हा शब्द १९८० च्या दशकात विरोधकांनी शिवीसारखा वापरला. १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवार डुकाकिस यांना तो चिकटवला गेला. मग बऱ्याच जणांनी तो टाकून ‘प्रोग्रेसिव्ह’ धरला. आपल्याकडे ‘पुरोगामी’ची तीच अवस्था चालू आहे, आंतरजालावर त्याची अक्षरं मोडून टिंगल होते. माझं कळकळीचं म्हणणं आहे की आपण तो टाकू नये. ज्या शब्दामागे दीडशे वर्षांची माणसं उभी आहेत तो टोमण्यांच्या भीतीने सोडून दिला तर पुढच्या शब्दाचीही तीच गत होईल.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘पुरोगामी’ ठेवते, पण एकटा सोडत नाही. प्रत्येक वेळी त्याच्याशेजारी ‘कशाबाबत’ आणि ‘कोणाच्या मते’ हे लिहिणार.

हे ठरवल्यावर एक गोष्ट नव्याने दिसली. आरोग्यविमा, स्थलांतरितांचे हक्क, गर्भपाताचा हक्क, यांत आदेलिता आणि फॉक्स यांच्यात फारसं अंतर नव्हतं. खरा प्रश्न वेगळा होता, आणि त्याला मराठीत बिनतोड शब्द आहे: घराणेशाही. वडिलांची जागा मुलीला का, हे फॉक्सने उघडपणे विचारलं. आदेलितांच्या बाजूने सांगायचं तर त्या शाळा मंडळावर वीस वर्षं होत्या, आणि काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळावरही. स्वतःचं काम होतं. बाबांना हा वाद समजावून सांगावाच लागणार नाही, सातारा जिल्ह्यात राहतात ते.

आदेलिता ६० टक्क्यांहून जास्त मतं मिळवून प्रायमरी जिंकल्या, २३ सप्टेंबरला मोठ्या फरकाने निवडून आल्या, आणि तरी शपथ झाली १२ नोव्हेंबरला. मधल्या पन्नास दिवसांत त्या ‘निवडून आलेल्या’ होत्या, पण ‘खासदार’ नव्हत्या. हा फरक मराठीत आपोआप राहतो, त्याचा मला आनंद झाला.

पहिलं वाक्य आता असं आहे: ‘अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या पोटनिवडणुकीसाठी आमच्या मतदारसंघातल्या डेमोक्रॅटिक मतदारांनी, स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या दोघींपैकी, पुरोगामी गटाच्या दिवंगत नेत्याच्या मुलीला उमेदवारी दिली.’ लांबलं आहे. बाबांना काल पाठवलं. त्यांनी विचारलं, ‘मतदारांनी उमेदवारी दिली म्हणजे नेमकी कशी, ते लिही आधी.’ आज मतपत्रिकेचं पाकीट, त्यावरची सही आणि ते कुठे नेऊन टाकतात इथून सुरुवात केली आहे. ‘बॅलट ड्रॉप बॉक्स’ला ‘मतपेटी’ म्हटलं तर ते मतदान केंद्रच समजतील. कोणाला बरा शब्द सुचतो का?

प्रतिसाद (नागपूर)

‘मतपत्रिका टाकायची पेटी’ असंच लिहा. टपालपेटी त्यांनी पाहिलेली आहे, लगेच कळेल.